विसाव्याचा कट्टा

माझी माय रिसोडच्या बाजारात भाजी विकते. गावाला लागून आमची थोडी बाग आहे. तिथली मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या ती पहाटे टोपल्यात भरते आणि चौकात रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसते. तिथे सावली नाही. उन्हाळ्यात दुपार व्हायच्या आत मेथी माना टाकते आणि मायचं डोकं धरतं. शिकून मी आर्किटेक्ट झाले, लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढले, पण माय उन्हातच राहिली. घरी बस म्हटलं की म्हणायची, "घरी बसून का भिंती पाहू?"

त्यामुळे चौकातल्या मोकळ्या जागेवर मंडप बांधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हुरळून गेले. धान्याचे व्यापारी असलेल्या एका शेटजींना आपल्या आईच्या आठवणीत गावासाठी काहीतरी करायचं होतं. त्यांची अट एकच होती. "बाई, लोकायले बसता आलं पाह्यजे."

मंडप म्हटलं की माझ्या धंद्यातले बरेच लोक आधी त्याचा फोटो कसा येईल ते बघतात. मला त्याचा राग येतो. मी चौकातच जाऊन बसले, रोज, निरनिराळ्या वेळी. ऊन कुठून शिरतं, रिठदच्या जीपा कुठे थांबतात, सोयाबीनचे ट्रॅक्टर वळताना किती जागा खातात, शाळेच्या पोरी कुठल्या कडेने चालतात, सगळं पाहिलं. भाजीवाल्या बायकांची खरी अडचण डोक्यावरचं टोपलं उतरवण्याची होती. ते एकटीने उतरत नाही. कोणीतरी हात लावेपर्यंत मान ताठ धरून उभं राहावं लागतं.

मग मी भिंती काढूनच टाकल्या. पश्चिमेकडे खाली झुकलेलं छप्पर, मधल्या कडुनिंबासाठी त्यात सोडलेली मोकळी जागा, प्यायच्या पाण्याचा नळ. आणि रस्त्याच्या बाजूला छातीइतक्या उंचीचा लांब दगडी कट्टा, म्हणजे टोपलं डोक्यावरून थेट त्याच्यावर टेकवता येईल. मायला तो दाखवला तेव्हा तिने रिकामं टोपलं घेऊन दोनदा उतरवून पाहिलं. "हे मातर बेस केलं तू," म्हणाली. मायने माझ्या कामाला चांगलं म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नाव आलं. पितळी अक्षरांत, ठसठशीत: विसावा. शेटजींचा मुलगा पुण्यात असतो, त्याने सुचवलेलं. पुण्यात विसावा नावाचे बंगले असतात, वृद्धाश्रम असतात. आमच्याकडे विसावा म्हणजे तिरडी वाटेत खाली ठेवतात ती जागा. तिथे भाताचा गोळा ठेवतात, पुढचे खांदेकरी मागे होतात आणि मग प्रेत स्मशानाकडे निघतं. शेटजींना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण मुलाने हौसेने अक्षरं करून आणली होती. मी बोलायला गेले तर शेटजी म्हणाले, "नावात काय हाये बाई, सावली तर सावलीच राह्यते."

बाजाराच्या पहिल्या दिवशी माय आणि चार-पाच बायका कट्ट्यापाशी बसल्या. विक्रीही बरी चालली होती. मग गावातल्या एका म्हाताऱ्याची अंत्ययात्रा आली. चौकातून पुढे गेलेला रस्ता स्मशानाचाच. त्या वाटेवर विसाव्याचा जुना दगड होता, तो रस्ता सिमेंटचा करताना उखडला गेला होता, आणि तेव्हापासून लोक तिरडी कुठेतरी धुळीत टेकवत होते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी चौकात बसत होते त्या दिवसांत गावात कोणी मेलंही नव्हतं. पुढच्या खांदेकऱ्याने वर पाहिलं, अक्षरं वाचली, समोर कट्टा. वाकावंसुद्धा लागलं नाही. खांद्यावरची तिरडी सरळ कट्ट्यावर आली.

बायका उठल्या. मायनेही पोतं गुंडाळलं.

त्यानंतर तिथली भाजी कोणी घेईना. एका गिऱ्हाइकाने मायला तोंडावर विचारलं, "इसाव्यावरची तर नाही ना व?" मी शेटजींकडे जाऊन भांडले आणि अक्षरं काढायला लावली. अक्षरं निघाली, नाव निघालं नाही. जीपवाले ओरडतात, "इसावा, इसाव्यावर कोन उतरते?" कट्टा तोडू द्या म्हटलं तर शेटजींनी हात जोडले. "मायच्या नावाचं काम हाये. मेलेल्या मानसाले सावली भेटून राह्यली, याच्यापेक्षा मोठं पुन्य कोनतं?" परवा एक म्हातारे गृहस्थ मला रस्त्यात थांबवून म्हणाले, लय उपकार झाले बाई, आता पावसातही प्रेत भिजत नाही. मी त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन रडले.

राग कोणावर काढावा तेही कळत नाही. सगळं जसं योजलं तसंच वापरात आहे. नळावर लोक हातपाय धुतात, छपराखाली वारा खेळतो, कडुनिंब वाढला आहे. कट्ट्यावर भात असतो आणि त्याच्यासाठी कावळे. दुसरा मंडप बांधायला चौकात जागा नाही आणि मला आता कोणी सांगणारही नाही.

माय समोरच्या कडेला बसते, जुन्याच जागी, उन्हात. तिला मोतीबिंदू झालाय, गुडघे धरलेत. तिरडी आली की बसल्या जागेवरून हात जोडते आणि पुन्हा जुड्या बांधू लागते. गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "माय, तू एकटी तरी बस ना तिथं. मी काय भुताखेतांसाठी बांधलं का?"

"काहून तरास करून घेऊन राह्यली व?" ती म्हणाली. "बसतो म्हनलं तरी मेथी कोन घेईन तिथं?"

"मग काय उपयोग त्याचा?"

तिने मेथीवर पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असं नको म्हनू. येईन ना मी बी तिथं. तवा टोपलं नसंन डोक्यावर, चार जनं मलेच उतरवतीन."