निबंधासाठी काढलेला हेल

ग्रीक महाकाव्यांवर निबंध लिहिणारी आमच्या अख्ख्या अंथुर्णे गावात मी एकटीच असेन, आणि त्याचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही. बारामतीच्या एका कॉलेजात मी तासावर इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. त्यासाठी तीन निबंध छापून यावे लागतात. दोन आले. तिसरा त्या काव्यांतल्या बायकांच्या रडण्यावर होता. वीर पडला की त्याची आई, बायको, घरातल्या बाकीच्या बायका एकेक करून रडतात, आणि त्या रडण्याला ठरलेला साचा असतो. आधी गेलेल्याला हाक, मग त्याच्या आठवणी, आणि शेवटी त्यालाच बोल लावायचा, की मला टाकून का गेलास. हे मी बावीस पानं खर्चून, तळटिपा देऊन सिद्ध केलं. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं, 'सगळं पुस्तकातलं आहे. तुमच्याकडे बायका रडत नाहीत का?'

रडतात की. आमच्याकडे मयताला आलेली बाई गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढते, गेलेल्याचे गुण आठवून आठवून. त्यात माझ्या आत्याचा हात कुणी धरायचा नाही. ती रडायला लागली की कोरड्या डोळ्यांनी आलेले पाहुणेही उपरणं तोंडाला लावतात.

आत्या लोणी भापकरला दिलेली, माझ्या वडिलांची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तात्यांना, म्हणजे वडिलांना, अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं एकदोन शब्दांवर आलं. तेव्हापासून ती दर महिन्याला चार दिवस येते, ओसरीवर त्यांच्या कॉटला टेकून बसते आणि भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवते. अशीच ती आली असताना मी फोन पुढं करून म्हणाले, "आत्या, एक हेल काढून दाखव. मला लिहायला पायजे."

"येडी का खुळी गं तू?" ती म्हणाली. "घरात समदी धड असताना हेल काढत्यात व्हय? कुणाला बोलावती हाईस?"

तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण निबंध पाठवायची तारीख जवळ आली होती आणि माझा स्वभाव हट्टी. तीन दिवस मी तिच्या मागं भुणभुण लावली. यात काही नसतं, तुझा नुसता समज आहे, असंही बोलले. शिकलेल्या माणसाला असं बोलणं फार सोपं जातं. शेवटी ती कंटाळली. "घरात न्हाय," म्हणाली. "उसाच्या बांधावर चल. तुझ्या मामांला जाऊन लई वर्सं झाली, त्यांच्या नावानं रडलं तर दोष न्हाय." मामा म्हणजे तिचे यजमान.

दुपारी आम्ही बांधावर जाऊन बसलो. तिनं पदर तोंडावर ओढला, मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. यजमानांच्या नावानं तिनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. "येईना गं," म्हणाली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मात्र आवाज लागला. अंगावर काटा यावा असा लागला. पण तो यजमानांसाठी नव्हता.

"माझ्या पाठच्या भावा रं," ती म्हणत होती, "आता माझ्या माहेराचं दार लागलं रं..."

भाऊ तर तिकडं कॉटवर जिवंत होता. त्या काव्यांतही एके ठिकाणी बायका जिवंत माणसासाठी आधीच रडून घेतात, कारण तो लढाईतून परत यायचा नाही हे त्यांना कळलेलं असतं. माझ्या निबंधात त्यावर एक तळटीप आहे. आत्याचा हात धरून तिला उठवायचं सोडून मी फोनवरचे आकडे पळताहेत ना ते बघत होते. हाक झाली, आता आठवणी येतील, असं मनात म्हणत होते. लाज वाटते, पण म्हणत होते. आणि आठवणी आल्याच. "वढ्याला पानी आलं, तवा मला पाठीवर घिऊन आलास रं, तुझं पाय ठरंनात, तरी मला टाकली न्हाईस रं..."

तेवढ्यात शेजारच्या रानात वांगी तोडणाऱ्या बायका धावत आल्या. "कोण गेलं? तात्या गेलं व्हय?" आत्या दचकून गप्प झाली. कुणी गेलं नाही, मीच रडायला लावलं, हे त्यांना पटवेपर्यंत त्यातल्या एकीनं आपल्या घरी फोन करून टाकला होता. आम्ही घराकडं निघालो तोवर गावच्या ग्रुपवर तात्यांचा फेट्यातला फोटो आला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि हात जोडलेल्यांची रांग.

दारात चपलांचा ढीग पडला होता. भावकीतली माणसं ओसरीवर उभी होती आणि तात्या कॉटवरून एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. कुणी म्हणालं, सहज आलो. कुणी ट्रॉलीची चौकशी करायला आला होता. दर मयताची तयारी करणारे आमचे एक चुलते तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, बांबू आडवे धरून पोचले. तात्यांना बघून ते जागीच थिजले. "मांडवाला आणलं, तात्या," म्हणाले, "काकडीच्या." दुसऱ्या हातातल्या मडक्याचं काय सांगावं ते त्यांना सुचलं नाही.

मी सगळ्यांना चहा केला. दुसरं काय करणार होते? माणसं चहा पिऊन खाली माना घालून गेली. आत्या भिंतीकडं तोंड करून बसली.

मग तात्यांनी डावा हात उचलून माझ्या फोनकडं दाखवलं. "लाव," म्हणाले.

बांधावरचा आवाज ओसरीपर्यंत आला होता, शब्द तेवढे पोचले नव्हते. मी न कळल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा हात उचलला. "लाव."

मी लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. माहेराचं दार आलं, ओढ्याचं पाणी आलं. त्यांचा चालता हात गोधडीवर हळूहळू काहीतरी चाचपत राहिला. मग बायकांचा गलका आला आणि आवाज तुटला.

त्यांनी डोळे उघडले. "पुढं?"

पुढं गेलेल्यालाच बोल लावायचा असतो, ते मला ठाऊक होतं. बावीस पानं मी त्यावरच लिहिली होती. भिंतीकडं तोंड केलेल्या आत्याचे खांदे हलत होते.

"पुढं माणसं आली, तात्या," मी म्हणाले.