डावीकडचं ट्रम्पेट

"काका, स्पीकर ठीकच असणार. बिघाड तुमच्या कानात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. आजाराचं नाव सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे आतल्या कानाची ऐकण्याची ताकद अचानक जाणं. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या.

मी पाच दिवस स्पीकर दुरुस्त करत बसलो होतो.

बोटीवर इंजिन-रूममध्ये नोकरीला असताना एका परक्या बंदरात जॅझची एक जुनी रेकॉर्ड घेतली होती. चाळीस वर्षं ऐकतोय. वाजवणारे एकमेकांना जागा देतात, थांबतात, ऐकतात. दर वेळी काहीतरी नवं सापडतं. बायको गेल्यापासून पनवेलच्या घरात सकाळचा चहा त्या रेकॉर्डबरोबरच.

एका सकाळी डावीकडचं ट्रम्पेट फिकं पडलं. वायर बदलली, सुई बदलली. पाचव्या दिवशी खुर्ची उलटी फिरवून बसलो, तर ट्रम्पेट लख्ख आणि एरवी उजवीकडे वाजणारा सॅक्सोफोन फिका. घरात बोलणारं कुणी नसलं, की कान गेलेलाही कळत नाही.

ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी मी बटण धरून नुसताच बसलो. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, नंतर कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. बाहेर बाकावर सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी होतं. माझं नाव दोनदा पुकारलं, मला कळलंच नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "खालचे सूर परत आलेत. वरचे येतील असं वाटत नाही."

रेकॉर्ड लावायचा धीर होईना. गव्हाण गावची बहीण फोन करायची, मी ठीक आहे म्हणायचो. एक दिवस ती दारातच उभी. डावीकडे बसून बोलायला लागली, तेव्हा सांगावंच लागलं.

ती उठून उजवीकडे आली. "दादा, आमी हाय ना. सांगायचा नाय का?"

मग तिनेच रेकॉर्ड लावायला सांगितली. डावीकडच्या ड्रमच्या झांजेची सळसळ मला नीट ऐकू आली नाही. ती मात्र मान हलवत म्हणाली, "खाली कोनतरी सावकाश चालतंय."

तो डबल बेस होता, खर्जात वाजणारं मोठं तंतुवाद्य. चाळीस वर्षांत माझं तिकडे नीट लक्षच गेलं नव्हतं.

एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि घरच्या कुणाला तरी सांगा. मी आता सांगतो. बहीण रविवारी येते, आम्ही रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकतो.