दुपारी लागलेली आग

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. आंबेनळी घाटात दरीत गेलेल्या ट्रकांचे पंचनामे किती केले, त्याची गणती नाही. त्यातले बरेचसे विसरलो. पण पोलादपूरला फौजदार असताना तपासलेले एक साधे जळिताचे प्रकरण अजून मनातून जात नाही. मेले कोणीच नव्हते. जळला होता तो पेंढा. सत्तरच्या दशकाचा शेवट असावा. नावे सांगत नाही. त्या घरातली माणसे अजून त्याच वाडीत राहतात.

भाताची झोडणी उरकली होती. सकाळची हजेरी घेऊन मी टेबलाशी बसलो, तेवढ्यात घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीचे पोलीस पाटील एका माणसाला घेऊन आले. माणूस चाळिशीचा, मुंबईच्या गिरणीत बरीच वर्षे काढून गावी परतलेला. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या. आदल्या दिवशी दुपारी त्याच्या गोठ्यामागची पेंढ्याची उडवी कुणीतरी पेटवली होती. कुणीतरी म्हणजे कोण, हे त्याने न विचारताच सांगितले.

"माझा धाकटा भाऊ. दुसरा कोन करनार? डाऊटच नाय साहेब."

आमच्या भागात पेंढा जळणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. वर्षभर गुरे त्यावरच जगायची. जाळपोळीचे कलम ४३५ लावून फिर्याद घेतली. सही झाल्यावर पाटील मागे रेंगाळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "शेजाऱ्यानं धाकल्याला त्या वक्ताला गोठ्याकडनं पळताना बघितलाय. पन साहेब, शेजाऱ्याचं नि धाकल्याचं बांधावरनं वाकडं हाय, ते पन ध्यानात ठेवा."

गावातली खबर अशीच यायची. खरे आणि वैर एकाच ताटात वाढलेले.

भावांच्या अबोल्याचे कारणही पाटलांकडूनच कळले. बाप भर पावसाळ्यात वारला तेव्हा थोरला मुंबईत होता. तार केली, पण दरड कोसळून रस्ता बंद. धाकट्याने दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली आणि मग अग्नी दिला. थोरला पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. "माझा बाप मला न दाखवता जाळलास," एवढे तो बोलला. ते भावाशी त्याचे शेवटचे बोलणे. पुढे वाटणी झाली. घराच्या मधोमध कारवीचा कूड घालून, शेणाने सारवून एका घराची दोन केली. आईचीही वाटणी झाली. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

धाकट्याला ठाण्यात बोलावले. त्याच्याही हातांना चिंध्या होत्या. हवालदारांना गुन्हा तिथेच उघड झाल्यासारखा वाटला. "पेटवताना पोळलाय साहेब. दोन ठेवून देऊ का? बोलेल लगेच."

मी नको म्हटले आणि त्याला चिंध्या सोडायला लावल्या. दोन्ही तळवे आणि बोटांची आतली बाजू भाजलेली. काडी लावणाऱ्याचे हात असे भाजत नाहीत. जळता पेंढा उपसून बाहेर फेकणाऱ्याचे भाजतात.

"विझवायला गेला होतास?"

"गेलो."

"उडवी तर भावाची."

"आग लागल्यावर कोनाची ते कोन बघतो?"

"तुला गोठ्याकडून पळताना पाहिलंय."

"घागर घेऊन विहिरीवर पळत होतो. वाट तिकडनंच हाय."

तो पुन्हा चिंध्या गुंडाळू लागला तेव्हा माझे लक्ष गेले. हिरवे, धुऊन विटलेले लुगडे आणि त्याचा पिवळा काठ. सकाळी थोरल्याच्या हातावर हेच कापड होते. एकमेकांचे तोंड न बघणाऱ्या दोघांना एकाच लुगड्याच्या चिंध्या कुणी बांधल्या, हे विचारण्याची गरज नव्हती.

त्याचा जबाब घेऊन त्याला घरी सोडले आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाडीवर गेलो. राखेच्या अगदी लगत बैल बांधायचे खुंटे होते. बैलांना मात्र साधा चटकाही बसला नव्हता.

"आग लागली तेव्हा बैल कुठं होते?" मी थोरल्याला विचारले.

"पलीकडं आंब्याखाली."

"तिथं कुणी नेले?"

त्याला वाटत होते बायकोने. बायकोला वाटत होते नवऱ्याने. म्हणजे आग लावणाऱ्याने आधी बैल सोडून लांब नेऊन बांधले होते, आणि बैलांनीही निमूट सोडू दिले होते. शिवाय वेळ दुपारची, दोन्ही भाऊ घरात जेवायला आलेले. दावा साधणारा माणूस घर रिकामे असताना येतो. बैलांची काळजी तर तो मुळीच करत नाही.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, असा कायदा आहे. भावांची म्हातारी आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. बाकीच्यांना अंगणाबाहेर पाठवून मी तिच्यासमोर बसलो.

"आजी, बैल कुणी सोडले?"

"मी सोडलं. मुक्या जनावराचा काय दोष?"

"आणि उडवी?"

तिने सूप खाली ठेवले. "ती पन मीच."

"का?"

"मरना-आगीला मानूस धावतो, म्हनतात. मरनानंच तर यांचं फाटलं. मंग ऱ्हायली आग." तिने कुडाकडे हात केला. "कुडापलीकडं हा खोकला की तो इकडं जागा होतो साहेब. मला ठाव हाय. पन तोंडातनं सबूद नाय."

"मग आले का एकत्र?"

"आले ना. धाकला आधी आला. उडवी कलली तसा थोरल्यानं त्याला दंडाला धरून मागं ओढला. मी बघितलं. मंग इझली आन कोनीतरी म्हनालं, ही लावलेली आग हाय. झालं. थोरला तसाच पाटलाकडं गेला. मी सांगनार हुती, पन भ्यायले."

गुन्हा उघडकीस आला होता. मी दोघांना आत बोलावले आणि तिच्यादेखत सगळे सांगितले. आता दोघे तिच्या पायावर डोके ठेवतील, असे मला वाटले. तेव्हा माझे वय कमी होते.

धाकटा थोरल्याकडे वळला. "दादा, म्हातारीला चळ लागलाय."

"मला पन तसंच वाटतं," थोरला म्हणाला. "उद्या घर पेटवील."

"पोरंबाळं हायत घरात."

"ताईकडं पोचवू. वरंधला."

"मी येतो संगती. तू एकला कसा नेशील?"

दोन्ही सुना दारात उभ्या राहून माना हलवत होत्या. म्हातारी एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "दादा म्हनाला त्याला. ऐकलंत का?"

थोरल्याने गैरसमजातून फिर्याद दिल्याचा पुरवणी जबाब दिला. मी महाडच्या कोर्टात समरी, म्हणजे खटला न भरता तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली, ती मंजूर झाली आणि कागद बंद झाले. म्हातारीला वरंधला मुलीकडे पोचवायला दोघे भाऊ बरोबर गेले.

पुढे माझी महाडला बदली झाली. एकदा वरंधच्या बाजूला बंदोबस्त होता, तेव्हा तिच्या मुलीचे घर विचारत गेलो. म्हातारी पार वाळली होती, पण तिने मला ओळखले.

"पोरं येतात का?"

"गनपतीला आलती. दोघं एकाच यष्टीनं."

"न्यायला?"

"नाय. भेटाया."

"तुम्हाला जावंसं वाटत नाही?"

"वाटतं की. पन मी गेले का परत तेच, कोनाकडं ऱ्हायची ही? ऱ्हाऊ दे. जमलंय त्यांचं."

मुलीने चहा आणला. तो पिऊन मी उठलो. सरकारी अधिकाऱ्याला तिथे करण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर भावकीचे तंटे पुष्कळ हाताळले. या प्रकरणाने एक शिकवले ते असे, की दुरावलेली माणसे जवळ येतात तेव्हा पुष्कळदा कुणाला तरी मिळून परके ठरवून येतात. आणि ते माणूस बहुधा दोघांवर सारखीच माया करणारे असते. ठाण्यात समेट व्हायचे, दोन्ही पक्ष सह्या करायचे, हात मिळवायचे, हवालदार खूश व्हायचे. मी मात्र गावच्या पाटलांना बाजूला घेऊन विचारायचो, "मिटलं ते बरं झालं. पण यात घराबाहेर कोण गेलं?"

पाटील जरा घुटमळायचे. मग बहुतेक वेळा एक नाव सांगायचे.