मुठीतलं करवंद

त्या दिवशी माझी छत्री खंडाळ्याच्या दरीत पडली आणि मी करवंदीच्या जाळीत. टांगा पडला नाही याचं श्रेय ताजुद्दीनचं आणि त्याच्या घोडीचं. बाकी सगळा पराक्रम माझा.

चौतीस सालचा मे महिना होता. लोणावळ्याच्या बाजारातून मी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर शिकवणीला निघालो होतो. बसलो होतो पुढं, टांगेवाल्याशेजारी. उतरतं ऊन डोळ्यांत येत होतं, म्हणून उंबराच्या वळणावर, जिथं उजव्या अंगाला दरी आहे नेमकं तिथं, मी छत्री उघडली. घाटातला वारा जणू याचीच वाट पाहत होता. छत्री उलटी झाली, सुटली आणि घोडीच्या कानांवर जाऊन बसली. घोडी उधळली. मी डावीकडच्या जाळीत फेकला गेलो. मान वर करून पाहिलं तर टांग्याचं उजवं चाक कडा सोडून हवेत फिरत होतं. ताजुद्दीन लगाम धरून आडवा झाला होता आणि चाकाखालचे दगड एकेक करून दरीत जात होते. घोडीनं चारी पाय रोवले. इंच इंच करत चाक वर आलं.

"लागलं का, मास्तर?"

"काटे मोजतोय."

"मोजा. मंग छत्रीचं बोलू."

ताजुद्दीन हा असा माणूस. चाळिशीचा, वाळक्या अंगाचा, बारा वर्षं या उतारावर टांगा हाकणारा. बाजार सुटला की त्याचं तोंड सुरू व्हायचं ते खंडाळ्यालाच थांबायचं. वळणावर मुंबईचे शेट डोळे मिटून घ्यायचे, तेव्हा हा म्हणायचा, "उघडा शेट, दरी फुकट हाय." भ्यालेल्या माणसाची त्याला मनापासून गंमत वाटायची. आणि सुरमी या आपल्या घोडीवर त्याचा एवढा जीव, की तिला हरभरे भिजत घातल्याशिवाय हा स्वतः जेवत नसे.

पण त्या दिवसापासून सुरमी बिघडली. उंबराचं वळण आलं की कान मागं टाकायची, फुरफुरायची आणि मागं सरायची. मागं सरणारा टांगा आणि शेजारी दरी. दोनदा उतारूंनी उड्या टाकल्या. मग उतारूच येईनात.

अड्ड्यावरचा दुसरा टांगेवाला हौशीराम सल्ला द्यायला तयारच होता. "ताजूभाई, वळणावर काय तरी हाय. लिंबू उतरून टाक." ताजुद्दीननं लिंबू टाकलं, घोडीच्या गळ्यात तावीज बांधला, डोळ्यांची झापडं बदलली. सुरमीनं कशालाच दाद दिली नाही. त्यातच टांगे तपासणाऱ्या साहेबांचा निरोप आला, की सोमवारी टांग्यात बसून खंडाळ्यापर्यंत येऊन पाहणार. घोडी बिचकली तर परवान्याचा बिल्ला नाही. बिल्ला नाही म्हणजे टांगा नाही, आणि सुरमीची रवानगी विटांच्या भट्टीवर. भट्टीवर गेलेली घोडी दुसरा पावसाळा बघत नाही, हे अड्ड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

गुन्हेगार मी. झोप कशी लागणार? पुण्याच्या एका स्नेह्याकडून मनाच्या शास्त्रावरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि निदान केलं, की घोडी छत्रीला भ्याली आहे, तिला रोज छत्री दाखवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी कोरी छत्री घेऊन तबेल्यात गेलो आणि तिच्या तोंडासमोर फाडकन उघडली. सुरमीनं छत्रीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि छत्रीचा कोपरा खाल्ला.

ताजुद्दीनची बायको जैनब दारात शेण भरत होती. ती म्हणाली, "ही कुटं भ्यालीय? हिला भूक लागलीय."

त्या दिवशी जैनब बाजाराचं निमित्त काढून टांग्यात नवऱ्याशेजारी बसली. मी मागं, माझ्या नेहमीच्या अपराधी मुद्रेनं. वळणावर व्हायचं तेच झालं. ताजुद्दीननं शिव्या घालत टांगा सावरला. जैनब शांतपणे म्हणाली, "अवो, घोडी मागनं बिचकती. आदी तुमची मूठ आवळती."

"काय?"

"लगाम तिच्या तोंडात हाय. तुमची मूठ आवळली की तिला कळतंय. तुमी भ्यालाय."

"मी? बारा वर्सं..."

"बारा वर्सं न्हवता भ्यालात. आता भ्यालाय."

ताजुद्दीन दोन दिवस तबेल्यात घोडीजवळच जेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं लगाम हौशीरामच्या हातात दिला आणि स्वतः मागं माझ्याशेजारी येऊन बसला. वळण आलं. सुरमी डुलत डुलत गेली, माशी हाकलायला शेपूट हलवली तेवढीच. हौशीराम खुशीत मागं वळून म्हणाला, "लिंबू लागू पडलं बघ!"

ताजुद्दीन टांगा थांबवायला सांगून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला बसला. मग मला म्हणाला, "मास्तर, त्ये दगड अजून पडत्यात. वळण आलं की ऐकू येत्यात. तळाला लागल्याचा आवाज काय येत न्हाई."

माझ्या जाडजूड पुस्तकात याला नाव होतं. मी ते सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

सोमवारला तीन दिवस उरले होते. जाळीवर काळी करवंदं लगडली होती. त्यानं त्यातली दोन तोडली आणि लगामाबरोबर उजव्या मुठीत धरली. "फुटली की कळंल," म्हणाला. पहिल्या फेरीला वळण यायच्या आधीच त्याचा तळहात लालभडक झाला. मी मागून बघत होतो. दुसऱ्या फेरीला आम्हांला नवीनच कळलं: मूठ वळणावर आवळतच नव्हती. वळणाच्या आधी एक मैलाचा दगड होता, तिथं ताजुद्दीनची बडबड थांबायची, मग खांदे वर जायचे, मग श्वास अडकायचा आणि सगळ्यांत शेवटी मूठ. घोडीच्या आधी त्याचं सगळं अंग बिचकत होतं आणि ते त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो त्या दगडापासूनच बोलू लागला. आधी घोडीशी इकडचं तिकडचं. ते पुरेना. करवंदं फुटतच राहिली. रविवारी संध्याकाळी तो दातांवर दात ठेवून, कुणी ऐकत नाही ना असं बघत, पुटपुटला, "सुरमे, मी भ्यालोय गं." एक करवंद फुटलं, एक राहिलं. घोडी कान मागं टाकून थबकली, पण मागं सरली नाही.

सोमवारी छत्री घरी ठेवायची असं ठरवून निघालो. अड्ड्यावर पोचलो तेव्हा ती बगलेत होती. साहेब पुढं बसले, मी मागं. ताजुद्दीननं मला वजन म्हणून घेतलं होतं, असं तो स्वतःच म्हणाला. हौशीरामसकट सगळा अड्डा बघत होता.

मैलाचा दगड आला. ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. साहेब मागं वळून म्हणाले, "मास्तर, ती छत्री द्या जरा."

मी छत्री मांडीखाली सरकवू लागलो. साहेबांनी हात पुढं केलेलाच. मी ताजुद्दीनच्या पाठीकडं पाहिलं. त्याचे खांदे वर गेले होते.

"द्या, मास्तर," तो म्हणाला.

साहेबांनी छत्री उघडली. वारा आला, कापड फडफडलं. सुरमीचे कान मागं गेले, टाप थबकली. उजव्या चाकाखालून एक खडा सुटला आणि दरीत गेला. तो मलाही ऐकू आला. तेव्हा ताजुद्दीन साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सुरमे, मी भ्यालोय गं! लय भ्यालोय! तू चाल!"

साहेब दचकले. "कोण भ्यालंय?"

"मी, साहेब. घोडी न्हाई."

त्याचे खांदे खाली आले. सुरमीनं एक पाय टाकला, मग दुसरा. चाकं वळली आणि उंबर मागं पडला.

खंडाळ्याला साहेबांनी छत्री मिटून मला दिली आणि बिल्ल्याच्या कागदावर सही केली. "घोडी ठीक आहे," म्हणाले. "टांगेवाला जरा चक्रम आहे." ताजुद्दीननं मूठ उघडून दाखवली: एक करवंद चेपलेलं, एक शाबूत. शाबूत होतं ते त्यानं घोडीला चारलं.

परतताना मी मागच्या बैठकीवर ऐसपैस बसलो होतो. छत्री मिटलेली, मन हलकं. उंबराचं वळण जवळ येताच न राहवून विचारलं, "काय ताजुद्दीन, गेली ना रे भीती एकदाची?"

"गेली कुटं, तुमच्याशेजारीच बसलीय, जरा सरकून बसा."