हाव चाचा, तार जोडलीय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही धड सांगता येत नाही.

नववी सोडून इस्लापूरहून लातूरला आलो, तेव्हा रहीमचाचांनी मला नळफिटिंग शिकवलं. आपल्या ताटातलं खाऊ घातलं. भूकंपानंतर घाईत उभारलेली घरं तेव्हा एकेक करून क्लासच्या पोरापोरींची हॉस्टेलं होत होती. कामाला तोटा नव्हता.

त्या घरांत गिझरची अर्थिंगची तार लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असायची — पाइप जमिनीत जातो, करंटही तिकडंच जाईल म्हणून. सडलेला पाइप कापून मधे प्लास्टिक घातलं, की ती वाट तुटते. म्हणून चाचा बजावायचे, प्लास्टिकच्या अल्याडचं लोखंड पल्याडच्या लोखंडाला तांब्याच्या तारेनं जोडल्याशिवाय हलायचं नाही.

मुलींच्या एका हॉस्टेलात मी ती तार जोडली नाही. तार दुकानात राहिली होती, वरून पोरी पाण्यासाठी ओरडत होत्या. नंतर जोडू म्हटलं. नंतर — विसरलो का? नाही. चांगलं आठवत होतं. उन्हाळा होता, गिझर बंद होते, म्हणून टाळत गेलो.

थंडीत मालकीणबाईंचा निरोप आला, नळाला झिणझिण्या येतात. मी चाकूरच्या कामाला निघालो होतो. चाचांनी विचारलं, "बेटा, तिथं तार जोडली होती ना?"

"हाव चाचा, जोडलीय."

एवढंच. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? एक शिवी बसली असती. पण मला वाटलं, हाकलून देतील — मग गावी कुठल्या तोंडानं जाऊ?

माझ्या शब्दावर चाचांनी मेन स्विच बंद न करता, ओल्या फरशीवर उभं राहून पाइपाला पान्हा लावला.

जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र परत मिटली नाहीत. दवाखान्यात हसून म्हणाले, "करंटनं सलाम केला, मी हात दिला."

आणि मी? त्याच संध्याकाळी हॉस्टेलात जाऊन गुपचूप तार जोडून आलो. दुसऱ्या दिवशी वायरमन बघायला आला, तर तार जागेवर. सगळे म्हणाले, म्हाताऱ्यानं घाई केली. चाचाही तेच म्हणतात — आजवर.

त्यांची गिऱ्हाइकं आता माझ्याकडं आहेत. चाचा दुकानासमोर खुर्ची टाकून बसतात, आलेल्याला सांगतात, "ह्याला न्या. लई इमानी हाय. ह्याचं काम तपासावं लागत न्हाई."

मी पिशवी उचलतो आणि त्या माणसामागं चालू लागतो.