नगरच्या वाटेवरचे नाना

चाकणच्या शाळेत तास घेत होतो. एक ट्रकवाला दारात येऊन म्हणाला, "मास्तर, शिक्रापूरच्या अलीकडं चिंचेखाली एक म्हातारा निजलाय. तुमच्या महाळुंग्याचा म्हणत्यात. बैल कुणाला जवळ येऊ देईना." बैल म्हटल्यावर पुढं काही विचारायला नको होतं… आमचे नाना, माझे थोरले चुलते, नगरच्या कोर्टातून परत येत होते.

नानांची बैलजोडी गोठ्यातून चोरीला गेली होती. टोळी एकच, पण हात मारलेला पुणे, ठाणे, नगर अशा तीन जिल्ह्यांत. आमचा एकटा हरण्या नगरच्या बाजारात सापडला आणि सगळ्या चोऱ्यांचा खटला तिथंच उभा राहिला. हरण्या नानांच्या ताब्यात मिळाला, पण मुद्देमाल म्हणून. दर तारखेला कोर्टापुढं हजर करायच्या अटीवर. ट्रकात तो काही केल्या चढेना. मग नाना त्याला चालवत नेत, मुक्काम करत करत. तिथं तारीख पुढं ढकललेली असे. आले तसे परत. रान पडीक पडलं.

"चोरी माझ्या दावणीतनं झाली, मग न्याव नगरला कशापायी?" त्यांनी मला विचारलं होतं.

"माल सापडला तिथंही खटला चालतो, नाना. कायदाच आहे तसा."

"मंजी मी कुठवर चालायचं, ते चोरानं ठरवायचं?"

मी आमच्या घरातला पहिला बी. ए. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. खटला आमच्या तालुक्याला, खेडला आणावा म्हणून वरच्या कोर्टात अर्ज गेला, त्याचं इंग्रजी वकिलाशेजारी बसून मीच लिहिलं. तोवर ठाण्याकडच्या फिर्यादींनी तारखांना येणं सोडलं होतं. नाना सोडेनात. चाकणच्या हॉटेलातले लोक ओरडत, "नाना, साक्षीदार चहा घेनार का?"

"त्याला नगं, मला दे. साक्ष त्यो देनार, घसा माझा सुकतोय."

साक्ष झालीच नाही. नानांचं तेरावं उरकल्यावर हुकूम आला : नानांच्या चोरीचा खटला वेगळा काढून खेडच्या कोर्टात चालवावा. मी वाचून दाखवला. काकी एवढंच म्हणाली, "आता जवळ आला व्हय?"

परवा खेडची पहिली तारीख होती. हरण्याला घेऊन मी निघालो. चाकणला एक रस्ता खेडला जातो, दुसरा शिक्रापूरवरून नगरकडं. मी कासरा खेडकडं ओढला. चुचकारलं, थोपटलं… हॉटेलातले लोक उठून उभे राहिले. हरण्या नगरच्या वाटेला तोंड करून उभा राहिला, तो हलेनाच.