करडीचे सतरा टाके

गुरुवार, ३ नोव्हेंबर २०२२. त्या तारखेला गुरुवारच होता, हे कोणत्याही दिनदर्शिकेत पडताळून पाहता येते. त्या संध्याकाळी निळ्या शाईने लिहिला गेलेला शब्द पडताळायचा तर मात्र वही क्रमांक सात, पान एकशे बारा, उघडावे लागते. शब्द एकच आहे: 'लाल'. त्याच्यावर एक आडवी रेघ आहे. नऊ वर्षांत दोनशे चौदा गाड्यांचे निकाल लिहिणाऱ्या त्या हाताने मारलेली तेवढी एकच रेघ.

वहीच्या मालकांना ओळखीपाळखीचे सगळे 'पाणीवाले' म्हणत. शेजारी नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना पहिल्याच दिवशी, "तुमचा टँकर किती वाजता येतो?" असे विचारले होते. "आमचं पाणी पेल्यापुरतंच," असे सांगून पाणीवाले आत गेले, आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हसू आवरेना.

पाणीवाल्यांनी बस आगारात सव्वीस वर्षे एकच काम केले होते. दुरुस्त झालेली बस प्रवाशांच्या हाती देण्यापूर्वी तिला रस्त्यावर फिरवून आणायचे आणि ती बरी झाली की नाही ते सांगायचे. निवृत्तीनंतर घरी बसून माशा मारणे त्यांच्या पिंडात नव्हते. कोणी गाडी घेण्याआधी सल्ला विचारी, कोणी आपल्या मेहुण्याला पाठवी, आणि बघता बघता 'आधी पाणीवाल्यांना दाखवा' हा त्या भागाचा रिवाजच होऊन बसला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पुढच्या रिकाम्या आसनापाशी, तळाशी एक ट्रे. ट्रेमध्ये काचेचा पेला, काठापासून दोन बोटे कमी भरलेला. मार्ग तेवीस किलोमीटरांचा आणि नेहमी तोच: शाळेची गल्ली, भाजीबाजार, एक्केचाळीस सांध्यांचा उड्डाणपूल, दोन गतिरोधक, कित्येक वर्षे कोणीही न बुजवलेला एक खड्डा, आणि शेवटी इस्पितळाच्या तळघरात उतरणारा उभा उतार. परत आल्यावर ट्रेमध्ये सांडलेले पाणी औषधाच्या मापाने मोजायचे. त्याच संध्याकाळी शाईने निकाल लिहायचा, आणि तो बदलायचा नाही.

दुसरे उपकरण मागच्या आसनावर बसे. ते म्हणजे स्वतः काकू. सुरुवातीला त्या केवळ सोबत म्हणून गेल्या आणि वेळ जावा म्हणून विणकाम घेऊन बसल्या. मग लक्षात आले की वाईट गाडीत टाके सुटतात. तेव्हापासून प्रत्येक गाडीमागे चार बोटे रुंदीची एक पट्टी विणली जाऊ लागली. बाजार संपला की एक पिवळा धागा, अलीकडे पूल संपला की एक हिरवाही, आणि कोपऱ्यात तारखेची चिठ्ठी. पट्ट्या कपाटात बुटांच्या खोक्यांमध्ये रचलेल्या होत्या. पाणीवाले त्यांना 'काकूंचं दप्तर' म्हणत. कौतुकाने म्हणत, पण निकाल लिहिताना ते दप्तर उघडत नसत.

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. हाडांच्या डॉक्टर, वय बेचाळीस, बोलणे तुटक आणि हसणे मोकळे. विद्यार्थीदशेपासून त्यांच्या मनात एकच हौस होती: वेगवान, चार दारांची, दिसायला साधी आणि पोटात आग असलेली गाडी. आता ऐपत आली, तर त्यांच्या आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. आठवड्यातून तीनदा आईला व्यायामोपचारासाठी इस्पितळात न्यायचे, तेही लेकीच्याच गाडीतून.

"काका, मला दोन गाड्या परवडत नाहीत, आणि आईला दोन पाठी नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शनिवारी दुपारी बारापर्यंत सही करायची आहे. लाल की करडी?"

लाल आणि करडी या दोन जुन्या प्रतिस्पर्धी कारखान्यांच्या गाड्या. दोघींच्या पोटात पाचशेच्या आसपास अश्वशक्ती, दोघी चार सेकंदांच्या आत शंभराचा वेग गाठणाऱ्या. मासिकांनी दोघींना बंद धावपट्टीवर पळवून सेकंदाच्या दशांशावरून भांडणे मांडली होती. पाणीवाल्यांना त्यात गोडी नव्हती. "दोनशे ऐंशीनं पळते हे कारखान्यानं पाहिलंय. भाजीबाजारात ताशी दहानं चालते का, ते कोणी पाहायचं?"

बुधवारी लाल फिरवली. बाजारातल्या रेंगाळत्या गर्दीत तिचा गिअर दोनदा हिसका देऊन बदलला. ब्रेक सुरुवातीला अंमळ उतावळे. बाजूंनी उंच केलेल्या आसनातून उतरताना गुडघा वर घ्यावा लागला. पुलावर मात्र ती सांधे गिळत गेली. इस्पितळाच्या उतारावर उंबऱ्याला नाक लागता लागता राहिले. पाणी सांडले बावीस मिलिलीटर.

गुरुवारी करडी. बाजारात ती गायीसारखी गरीब. स्टिअरिंग हलके पण बावळट नाही, ब्रेक पायाच्या मनातले ओळखणारे, गल्लीत एका झटक्यात वळणारी. इस्पितळाच्या उतारावर नाक घासण्याचे नाव नाही. वहीत या गुणापुढे कौतुकाची दोन टिंबे आहेत. पण पुलावर चढली आणि तिचे सोंग उतरले. सांध्यासांध्याला ठोका, आणि प्रत्येक ठोका थेट माकडहाडाला. पाणी सांडले एक्केचाळीस.

मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला या गाडीत बसवणे म्हणजे जाणूनबुजून दुखणे विकत घेणे होते. संध्याकाळी पाणीवाल्यांनी 'लाल' लिहिले, करडीपुढे 'ताठ' हा शेरा मारला आणि फोन केला.

पलीकडे डॉक्टरीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, काका. तुम्ही म्हणाल ती."

त्या गप्प राहण्यातून त्यांचे मन कोणत्या गाडीवर होते ते पाणीवाल्यांना समजले. पण मनासाठी पाठ मोडता येत नाही.

फोन ठेवून ते वळले, तर काकू मेजावर दोन पट्ट्या शेजारी शेजारी पसरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसल्या होत्या.

"अहो, इकडे या जरा."

"निकाल लिहून झाला."

"निकालाचं नाही विचारलं. लालचे सुटलेले टाके सहा. करडीचे सतरा."

"मग? मीही तेच लिहिलंय."

"पण कुठे सुटले बघा. पुलावर अकरा. एवढ्याएवढ्याशा सांध्यांवर! आणि त्या मोठ्या खड्ड्यात लालचे दोन, करडीचेही दोनच. मोठ्या संकटात धीराची आणि चिमूटभर धक्क्याला रडणारी, असली कुठली गाडी?"

"असते एखादी. माणसं नसतात का तशी?"

"माणसाचं नाव घेऊ नका, घरातलीच आठवतात," काकू म्हणाल्या. "आणि ती करडी लालपेक्षा ठेंगणी आहे असं कारखान्याच्या पुस्तिकेत छापलंय. मग उतारावर लालचं नाक लागायला आलं, आणि हिचं का नाही?"

 पाणीवाल्यांनी पुस्तिका काढून पाहिली. करडी खरोखरच बारा मिलिमीटरने ठेंगणी होती. ज्या गुणापुढे त्यांनी दोन टिंबे दिली होती, तो गुण त्या गाडीत असायलाच नको होता.

जुन्या गाडीच्या चाकावर, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये, ते नेहमी बोटे घालून बघत. स्प्रिंग थकली की अंतर कमी होते. नव्या गाडीला त्यांनी कधीच बोटे लावली नव्हती. नवी स्प्रिंग थकलेली असूच शकत नाही, हा आगारातला नियम. ती अडवलेली असू शकते, असे मात्र सव्वीस वर्षांत त्यांच्या मनातही आले नव्हते.

शुक्रवारी सकाळी शोरूम उघडताच ते करडीपाशी उभे होते. चाकावर बोटे ठेवली: पाच मावली. सदुसष्टाव्या वर्षी, इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, ते चकचकीत फरशीवर उताणे पडले आणि टॉर्च लावला. पुढच्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये मुठीएवढा रबरी ठोकळा चपखल बसलेला होता. दुसऱ्या बाजूलाही. मागेही.

शोरूमचा मिस्त्री धावत आला. "काय झालं, काका? पडलात का?"

"पडलो खरा. हे काय आहे?"

मिस्त्री वाकला आणि त्याने कपाळावर हात मारला. "राहिलेच की हे! गाडी कारखान्यातून ट्रकवर चढून येते ना, तेव्हा वाटेत उसळू नये म्हणून घालतात. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी काढायचे असतात. परवा घाईघाईनं बाहेर काढली हिला."

"घालतात?" पाणीवाले उठून बसले. "प्रत्येक गाडीला?"

"बऱ्याच गाड्यांना. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हते. आगारात बस येई ती स्वतःच्या चाकांवर, धूळ खात, तिचा चालक शिव्या देत. दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून येणारे वाहन त्यांच्या विद्येत नव्हतेच.

"काका," मिस्त्री आवाज उतरवून म्हणाला, "आमच्या साहेबांच्या कानावर नका घालू. आत्ता काढून देतो."

"तुमच्या साहेबांचं नंतर पाहू. आधी माझंच पाहायचंय."

घरी परतताना ते नेहमीपेक्षा सावकाश चालवत होते. लाल काही वाईट नव्हती. गप्प राहिले असते तर डॉक्टरीणबाईंच्या आईची पाठ सुखरूप राहिली असती, वहीही बिनखाडाखोडीची राहिली असती, आणि कोंबडे झाकलेलेच राहिले असते. 'पाणीवाल्यांचा शब्द फिरत नाही' एवढ्या एका वाक्यावर लोक त्यांच्याकडे येत होते. दुसरी पाटी त्यांच्यापाशी नव्हती. पण फोनवरची ती शांतता कानातून जाईना.

दारातच काकूंनी चेहरा वाचला. "निघाला ना काहीतरी?"

"चार ठोकळे."

काकूंनी 'मी म्हटलं होतं' असे म्हटले नाही. त्यांनी नवी लोकर काढली. "उद्या सकाळी किती वाजता?"

शनिवारी नऊ वाजता करडी दारात आली. चाकावर आता तीनच बोटे मावत होती. डॉक्टरीणबाई आल्या, आणि हट्टाने त्यांच्या आईही आल्या: काठी, उशी आणि तोंडाचा पट्टा सोडलेला.

"पाचशे घोडे म्हणे!" काकूंशेजारी उशी लावून बसत त्या म्हणाल्या. "मला न्यायला एक पुरे होता, शहाणा असता तर."

"आई, पाठ टेकव आणि गप्प बस."

"पाठ टेकवते. दुसरं सांगू नकोस."

डॉक्टरीणबाई पुढे, पाण्याचा ट्रे पायांपाशी सांभाळत बसल्या. शाळेची गल्ली झाली, बाजार झाला. काकूंनी पिवळा धागा गुंफला. पूल आला. पाणीवाले कान टवकारून होते. पहिला सांधा गेला, दुसरा गेला. चाके त्यांच्यावरून हात फिरवावा तशी जात होती. विसाव्या सांध्याच्या सुमारास मागची बडबड थांबली. डॉक्टरीणबाईंनी घाबरून वळून पाहिले.

"काय झालं?"

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "झोपल्या त्या."

खड्डा पार पडला, आणि मग उतार आला. उंबऱ्यापाशी खालून 'खर्र' असा आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि आई जाग्या होऊन म्हणाल्या, "काय मोडलं?"

"काही नाही," पाणीवाले म्हणाले, आणि त्या आवाजाने त्यांच्या जिवात जीव आला. गाडी आता पुस्तिकेत छापल्याप्रमाणे ठेंगणी होती. त्यांनी ती मागे घेतली, तिरकी केली, आधी एक चाक उतरवले आणि मग दुसरे. आवाज नाही. "डॉक्टर, आता तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी तीनदा उतरवून पाहिली. तिन्ही वेळा नाक शाबूत. तिसऱ्या खेपेला त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

घरी येऊन मोजले. पाणी एकोणीस मिलिलीटर. सुटलेले टाके पाच, आणि त्यातला एक आईंनी झोपेत कोपर मारल्यामुळे, असे काकूंचे म्हणणे.

"मग, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "अकरा वाजले."

पाणीवाल्यांनी वही उघडली. "डॉक्टर, गुरुवारी मी तुम्हाला चूक सांगितली. गाडी ताठ नव्हती. तिला अडवून ठेवलं होतं, आणि मला ते दिसलं नाही. ह्यांच्या विणकामाला दिसलं." त्यांनी 'लाल' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिले: 'करडी. उतार तिरका घ्यावा.'  

"एक शब्द खोडलात म्हणून एवढं तोंड पाडायचं?" आई म्हणाल्या. "माझ्या लेकीनं माझं हाड चुकीचं बसवलं असतं, तर रेघ मारून भागलं असतं का?"

"आई, तुझी शस्त्रक्रिया मी केली नाही."

"म्हणूनच चालतेय मी."

बारा वाजायला दहा मिनिटे असताना करडीवर सही झाली. त्यानंतर लोक कमी यायला लागले, असे वहीवरून दिसत नाही. पुढच्या महिन्यात सहा गाड्या आहेत, म्हणजे आधीच्या महिन्यापेक्षा एक जास्त. प्रत्येक निकालाखाली आता दोन ओळी असतात, पहिली पाण्याची आणि दुसरी टाक्यांची. नवी असो वा जुनी, चारही चाकांवर बोटे लावल्याची खूणही असते.

तरी एक काम उरले होते. त्या थंडीत दोघांनी सातही वह्या आणि बुटांची सगळी खोकी मेजावर काढली. करडी सोडून एकोणीस नव्या गाड्यांपुढे 'ताठ' हा शेरा सापडला. म्हणजे एकोणीस जणांनी पाणीवाल्यांच्या शब्दावरून ती गाडी सोडून दुसरी घेतली होती. पाणीवाल्यांनी शोरूमांना फोन केले. आठ गाड्यांचा माग लागला. सातांच्या स्प्रिंगांमध्ये काहीही नव्हते. त्या मुळातच ताठ होत्या. आठवीत, पाच वर्षे आणि दोन मालक उलटल्यावरही, ठोकळे जसेच्या तसे होते.

उरलेल्या अकरा गाड्या विकल्या गेल्या, गावाबाहेर गेल्या किंवा मोडीत निघाल्या. त्यांच्या पट्ट्यांवर टाके सुटलेले आहेत, पण त्या काळात काकू पुलाचा हिरवा धागा गुंफत नव्हत्या. त्यामुळे टाके सांध्यांवर सुटले की खड्ड्यात, हे सांगता येत नाही. त्या अकरांपैकी किती गाड्यांवर अन्याय झाला, हे अज्ञात आहे. करडीचे ठोकळे काढायला नेमके कोण विसरले, याचीही नोंद कोठे मिळत नाही.